पाचव्या डावातली शेंगावाली

इलोना बोडनारनं स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा ती लाल दिव्याला गाडी थांबवून बसली होती, आणि तिचं तोंड बंद होतं. अगदी मास्कच्या आत ओठ घट्ट मिटलेले.

ऑगस्टमधली शनिवारची दुपार. गाडीचा एसी बिघडलेला, म्हणून काचा खाली. मागच्या सीटवर कुणाचे बर्गर, कुणाचं सूप, एका आजीबाईंची औषधं. लोकांच्या दारात पिशव्या ठेवून पळायचं, हे हल्ली तिचं काम होतं. डाव्या हाताला हेरन्स या बेसबॉल संघाचं मैदान होतं, जिथे तिनं कॉलेज सोडल्यापासूनचा प्रत्येक उन्हाळा काढला होता. आत सामना चालू होता. प्रेक्षक एकही नव्हता, तरी भिंतीवरून हजारो माणसांचा गलका येत होता... आणि त्या गलक्याच्या मधोमध, लख्ख,

"शेंगाऽऽऽ! खाऱ्या, भाजलेल्या शेंगाऽऽ! उठू नका, मी येतेऽऽ!"

दिवा हिरवा झाला. पुन्हा लाल झाला. मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवून बसला होता. इलोना जागची हलली नाही.

त्या वर्षी काय झालं होतं ते टोलेडोत कुणाला सांगायला नको. मार्चअखेरीस सुरू व्हायचा हंगाम आधी रोगानं खाल्ला. मग मालक आणि खेळाडू आपसांत भांडत बसले आणि त्यांनी आणखी खाल्ला. जुलै संपता संपता उरलेला साठ सामन्यांचा तुकडा लोकांपुढे टाकला आणि म्हणाले, टीव्हीवर बघा. खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसवली. पुठ्ठ्याला ओरडता येत नाही, म्हणून भोंग्यांतून गर्दीचा आवाज सोडला. शेंगा विकणारे, बीअर विकणारे, जागा दाखवणारे यांना मार्चमध्येच दोन ओळींचा निरोप गेला होता : गरज लागली की कळवू.

गरज लागली नव्हती. तिची नव्हती! तिच्या आवाजाची मात्र लागली होती.

इलोनानं चाक गर्रकन वळवलं, मैदानाच्या मागच्या दारासमोर गाडी आडवी घातली आणि दार बडवायला सुरुवात केली.

"इलोना, आत नाही सोडता येत गं," दारावरचा गार्ड काचेआडून म्हणाला. तो तिला चांगला ओळखत होता. "मलाच या दाराच्या पलीकडे जायची परवानगी नाही."

"तो आवाज कोण चालवतो आत?"

"साउंडवाला. पण सामना संपल्याशिवाय नाही यायचा तो."

"मग मी बसते."

ती बॉनेटवर बसली. सूप गार झालं. बर्गर गार झाले. गिऱ्हाइकांचे फोन येऊन येऊन थकले. शेवटी, रागानं भूक लागते म्हणून, तिनं त्यातला एक बर्गर उघडून खाऊन टाकला. दुसऱ्याचा बर्गर खाण्याएवढा राग तिला आजवर कधी आला नव्हता.

सामना संपला. दारातून एक उंच, सडपातळ माणूस बाहेर आला. खांद्याला पिशवी, गळ्यात हेडफोन. गाडी पाहून थबकला.

"मॅडम... ही गाडी जरा बाजूला घ्याल? खेळाडूंची बस अडकेल."

"अडकू दे!"

तो तिथेच थांबला. तिच्या तोंडावर मास्क होता, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर टोपी. ओळखण्यासारखं काही दिसत नव्हतं. तरी त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"तुम्ही... तिसऱ्या बेसच्या बाजूच्या शेंगावाल्या ना?"

दोन शब्दांवरून! इलोनाला दुप्पट राग आला. एकदा तो तिला ओळखतो म्हणून, आणि एकदा त्याचे डोळे भारी सुंदर होते म्हणून. पापण्या नको तेवढ्या लांब. भांडायला आलेल्या बाईला असले डोळे दिसू नयेत.

"म्हणजे तुम्हीच तो साउंडवाला."

"हो. फारिस. फारिस जबूर." त्यानं हात पुढे केला, मग काळ कोणता आहे ते आठवून मागे घेतला. "ऐकलंत तुम्ही? आज पाचव्या डावात? मी म्हणजे... मुद्दाम तिथेच घातला. तुम्ही नेहमी पाचव्या डावातच आमच्या बाजूला यायचात."

"कुणाला विचारून घातलात?"

"अं?"

"माझा आवाज. कुणाला विचारून?"

त्यानं गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला.

"मला काढलंत," इलोना म्हणाली, आणि तिचा आवाज मैदानाच्या भिंतीवर जाऊन परत आला, "आणि माझा आवाज ठेवलात! मी इथे लोकांच्या दारात पिशव्या ठेवत फिरते आणि आत मी पुठ्ठ्याला शेंगा विकतेय! लाज नाही वाटत?"

गार्डनं खिडकी हळूच लावून घेतली.

"लीगनं सगळ्यांना एकच गलका पाठवलाय," फारिस अडखळत म्हणाला. "मेलेला गलका आहे हो तो. कुठल्याही गावाचा. माझ्याकडे आपल्या मैदानाचे जुने आवाज होते. मी ते एकेक करून त्यात मिसळले... आणि तुमच्याशिवाय पाचवा डाव पाचवा वाटेना."

"काढून टाका."

"बरोबर आहे तुमचं. उद्याच काढतो."

बस्स. एवढंच! इलोना अजून दहा-बारा वाक्यं तयार ठेवून उभी होती. भांडायला आलेल्या माणसाला पहिल्याच फटक्यात 'बरोबर आहे तुमचं' म्हणणं हा शुद्ध दुष्टपणा आहे. ती गाडीत बसली, दार आपटलं आणि अर्धा रस्ता गेल्यावर तिच्या लक्षात आलं, तो 'आपलं मैदान' म्हणाला होता.

*

मैदानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पार्किंगची इमारत आहे. तिच्या गच्चीवरून मैदानाचा एक कोपरा दिसतो : तिसरा बेस, डावीकडचं गवत, पिचरची पाठ आणि वर साउंडची काचेची खोली. त्या उन्हाळ्यात वीस-पंचवीस माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन, एकमेकांपासून लांब लांब बसून तो कोपरा बघायची. त्यांच्यात बर्निस असायची. तिनं हेरन्सच्या मैदानावर उभा जन्म बीअर विकली होती आणि तिचे गुडघे त्याचे साक्षीदार होते.

"काढला बरं त्यानं तुझा आवाज," पुढच्या सामन्याच्या दिवशी बर्निस म्हणाली. "पाचवा डाव अळणी गेला."

"मला काय त्याचं."

"मग आलीस कशाला, पोरी?"

इलोनानं खुर्ची मैदानाकडे वळवली. ती त्या डावात कान देऊन बसली होती. आपला आवाज तिथे नाही याची खात्री करून घ्यायला, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. खात्री झाली, आणि तो डाव तिलाही अळणीच लागला. त्याचाही राग आला.

सातव्या डावात सरोवराकडून ढग आले आणि पाऊस तिरपा कोसळायला लागला. मैदानावर ताडपत्री ओढली गेली. गच्चीवरची माणसं खुर्च्या डोक्यावर धरून खालच्या मजल्यावर पळाली. सामना थांबला की साउंडवाल्याला काम नसतं, हे इलोनाच्या ध्यानात आलं तेव्हा तो उतारावरून चढून वर येतच होता. नखशिखांत भिजलेला, छातीशी कागदी पिशवी धरलेला.

"गार्ड म्हणाला तुम्ही इथे असता." त्यानं पिशवी मधल्या जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागे सरकला. "माफी मागायला आलोय."

इलोनानं पिशवी उघडली. शेंगा होत्या. दुकानातल्या.

"शेंगा? शेंगावालीला शेंगा?"

"मला वाटलं..."

"बिनमिठाच्या!"

बर्निस खांबाआड तोंड फिरवून खोकली. तो खोकला नव्हता.

"घरी आईनं फतायर केलेत, पालक भरलेल्या छोट्या रोट्या," फारिस घाईघाईनं म्हणाला. "पुढच्या वेळी ते आणतो."

"पुढची वेळ कुणी दिली तुला?" ती म्हणाली. तुम्हीचा तू कधी झाला ते तिलाही कळलं नाही. पाणी त्याच्या केसांतून पापण्यांवर उतरत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "एक सांग. माझा आवाज इतका आवडायचा, तर मैदानावर कधी दिसला कसा नाहीस? माझी सगळी गिऱ्हाइकं मला तोंडपाठ आहेत."

"मी वर असायचो. काचेच्या खोलीत. चार उन्हाळे."

"खाली यायला जिना होता ना?"

"होता."

"मग एक पिशवी शेंगा घ्यायला चार उन्हाळ्यांत एकदा उतरवलं नाही?"

"दोन डावांच्या मधे वेळ..." तो थांबला. पावसाकडे पाहिलं. "खोटं बोलतोय. वेळ असायचा. धीर नव्हता. माईकमधून ऐकायचो. तू त्या जाड्या म्हाताऱ्याला म्हणायचीस, 'काका, पाठ फिरवून झेला, म्हणजे खेळाडू व्हाल.' लाल टोपीवाली मुलगी रडली की तिच्यासाठी एक शेंग सोलून द्यायचीस, तो कट्‌कन आवाज यायचा. मला वाटायचं, आपण खाली गेलो तर काय बोलणार? एक पिशवी द्या? आणि मग?"

इलोनानं पिशवीतली एक बिनमिठाची शेंग सोलली.

"यंदा ठरवलं होतं," तो म्हणाला. "मार्चअखेरीचा पहिला सामना. नवा शर्टसुद्धा घेतला होता."

"आणि?"

"आणि सामनाच झाला नाही."

खाली ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. शर्ट घेतला म्हणे! तिला हसू आलं, आणि ते मास्कमध्ये लपलं म्हणून बरं झालं.

"छान सबब मिळाली तुला," ती म्हणाली. "अख्ख्या जगाला रोग झाला आणि फारिस जबूरला सबब मिळाली. जा, पाऊस थांबला."

थांबला नव्हता. पण तो गेला. जाताना वळून म्हणाला, "फतायरला लिंबू जास्त चालतं?"

"चालतं," इलोना ओरडली, जणू शिवीच देतेय.

मग ते रोजचंच झालं. सामन्याआधी तासभर तो गच्चीवर यायचा. मधे दोन गाड्यांची जागा सोडून बसायचा. फतायर आले, लसणाची चटणी आली, एकदा आईचा निरोप आला, 'पोरीला तिखट चालतं का विचार.' इलोनानं तिच्या आजीच्या हातचं हंगेरियन वाळकं सॉसेज दिलं. ती त्याला बोल लावायची आणि तो ऐकायचा, इतकं मन लावून की तिला मधेच विसरायला व्हायचं, आपण कशावरून चिडलो होतो. एकदा ती गप्प झाली तर तो म्हणाला, "थांबलीस का? आत्ता कुठे रंगात आली होतीस."

"तू आवाज भरून तर घेत नाहीयेस ना?"

"विचारल्याशिवाय नाही घेणार. आता कधीच नाही."

त्या रात्री घरी जाताना गाडीत तिनं मास्क काढला आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "अरे देवा."

*

आणि इकडे हेरन्स हरत होते. बेसबॉलवाल्यांसारखी वहमी जमात पृथ्वीवर नाही. जिंकत असताना मोजे न धुणारी ही माणसं! साठच सामने, त्यात प्रत्येक पराभव तिप्पट लागायचा. कुणीतरी बाकावर बसून हिशेब केला, की शेंगावालीचा आवाज बंद झाल्यापासून आपली दशा झाली. हा समज कपडे बदलायच्या खोलीतून वर ऑफिसात गेला, आणि सप्टेंबरच्या मध्यावर इलोनाचा फोन वाजला.

लिंडहोम. मैदानाचा व्यवस्थापक. मार्चनंतर पहिल्यांदा.

"इलोना! कशी आहेस? घरचे सगळे ठीक?" आवाजात मध ओतलेला. "अगं, पोरांना तुझी आठवण येतेय. तुझी ती आरोळी आम्ही पुन्हा लावतोय. यंदा, आणि पुढेही."

"पुढेही म्हणजे? पुढच्या वर्षी मीच असेन ना तिथे."

लिंडहोम खाकरला.

"पुढच्या वर्षी आपण नवी पद्धत आणतोय. फोनवर मागवायचं, खिडकीवर जाऊन घ्यायचं. आता लोकांना हाताळलेलं नको असतं ना. फेरीवाले ही जुनी गोष्ट झाली. पण वातावरण तर हवंच! म्हणून तुझा आवाज."

इलोना स्वयंपाकघरात उभी होती. तिनं ओट्याची कड धरली.

"म्हणजे लोक उठून रांगेत उभे राहणार," ती सावकाश म्हणाली, "आणि वरून मी ओरडणार, उठू नका, मी येते."

"वा! अगदी तसंच!" लिंडहोमला त्यातलं काही कळलं नाही.

"नाही. माझी परवानगी नाही."

"इलोना, आवाज आपल्या मैदानात भरलेला आहे, आपल्या माईकवर. परवानगीचा प्रश्न नाही. मी आपला सौजन्य म्हणून फोन केला." मध संपला होता. "फारिसला विचार. मार्चपासून तो हेच आवाज जमवतोय. पुढच्या वर्षांसाठी."

मार्चपासून.

ती त्याच दुपारी गच्चीवर गेली. फारिस डबा घेऊन बसला होता. तिला पाहून उठला, आणि तिचे डोळे पाहून डबा खाली ठेवला.

"तुला माहीत होतं?"

त्यानं विचारलं नाही, काय म्हणून. तिथेच तिला उत्तर मिळालं.

"मिटिंगमध्ये म्हणाले होते," तो म्हणाला. "नक्की नव्हतं. मला वाटलं, होईल काहीतरी, बदलतील. तुला सांगून उगाच..."

"उगाच! माझं काम जाणार हे तुला माहीत, बर्निसचं जाणार हे माहीत, आणि तू इथे रोज येऊन मला पालक खायला घालतोस?"

"इलोना, ऐक—"

"तू ऐक. ऐकण्यात तर तू पटाईत आहेस! चार उन्हाळे ऐकत बसलास. मिटिंगमध्ये ऐकत बसलास. तिथे एकदा तरी उठून म्हणालास का, की हे चूक आहे?"

तो खाली वाकून डब्याचं झाकण लावायला लागला.

"मी लोकांना म्हणते उठू नका, मी येते. ते माझं काम आहे, फारिस. मी सगळ्यांकडे जाते, पायऱ्या चढून, पाठीला टोपलं लावून. पण तुझ्याकडे मी नाही येणार. तुला उठता येत असेल तर ऊठ. नाहीतर बस त्या काचेत."

ती उतारावरून खाली गेली. गाडीत बसून रडली, मग रडल्याबद्दल स्टिअरिंगवर बुक्की मारली, आणि हॉर्न वाजला.

*

हंगामाचा शेवटचा घरचा सामना रविवारी दुपारी होता. जिंकले तर हेरन्स पुढच्या फेरीत, हरले तर घरी. इलोना जाणार नव्हती. बर्निसनं फोन केला. "मला गुडघ्यामुळे खुर्ची वर नेता येत नाही." तिला ती रोज नेता येत होती. पण इलोना गेली.

गच्ची भरलेली होती. ऊन कोवळं, सरोवराकडून गार वारा. आज भोंगे जोरात होते. भिंतीपलीकडे पुठ्ठ्याची माणसं उन्मादानं ओरडत होती. हेरन्स एका धावेनं मागे. तिसरा डाव. चौथा.

"आज लावणार म्हणतायत," बर्निस म्हणाली. "लिंडहोम स्वतः वर जाऊन उभाय, गार्ड सांगत होता. पोरांना आज हवाच आहे तुझा आवाज."

इलोनानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पाचवा डाव सुरू झाला. गलका वाढत गेला, तो नेहमी वाढायचा तसा. या लाटेच्या टोकावर आता तिचाच आवाज येणार आणि ती इथे उघड्यावर बसून तो ऐकणार...

गलका बंद झाला.

हळूहळू नाही. एकदम. नळ बंद करावा तसा. जुलैपासून पहिल्यांदा त्या मैदानाची खरी अवस्था ऐकू आली, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. एक झेंडा फडफडत होता. पिचरनं बूट घासला, तो कळला. चेंडू हातमोज्यात शिरला, त्याचा फट्‌कन आवाज रस्त्याच्या अलीकडे आला. कुणीतरी बाकावरून स्पष्ट शिवी हासडली आणि ती अख्ख्या अमेरिकेनं टीव्हीवर ऐकली असणार.

"बिघडलं काहीतरी," गच्चीवर कुणी म्हणालं.

बिघडलं नव्हतं. इलोना उठून उभी राहिली. तिला दिसत होतं, वर काचेच्या खोलीत एक माणूस उभा आहे, त्याच्या पाठीमागे दुसरा हात नाचवतोय, आणि पहिल्यानं दोन्ही हात पॅनलवरून उचलून वर धरलेत. दोघांचे चेहरे एवढ्या लांबून दिसत नव्हते. उभा कोण आहे ते तिला कळलं.

त्यानं तिचा आवाज लावला नव्हता. त्यानं तिला जागा करून दिली होती.

"पोरी," बर्निस म्हणाली, "आता मी काही बोलायला हवंय का?"

इलोनानं मास्क हनुवटीखाली ओढला. ती कठड्याशी गेली, सगळ्यांपासून लांब. मार्चपासूनचा राग पोटात होताच; दोन ओळींच्या निरोपाचा, गार सुपाचा, मधाळ फोनचा, त्या मूर्ख माणसाचा. तिनं तो सगळा छातीत भरून घेतला.

"शेंगाऽऽऽऽ!"

तिसऱ्या बेसवरचा खेळाडू दचकून वळला.

"खाऱ्याऽऽ! भाजलेल्या शेंगाऽऽऽ! उठू नकाऽऽ! मी! येतेऽऽ!"

भोंग्यातून नाही. माईकवरून नाही. रस्ता ओलांडून, भिंतीवरून, पुठ्ठ्यांच्या डोक्यांवरून. क्षणभर मैदान थिजलं. मग तिसऱ्या बेसवाल्यानं टोपी काढून गच्चीच्या दिशेनं हलवली, आणि हेरन्सचा अख्खा बाक कठड्यावर मुठी आपटायला लागला. गच्चीवरची वीस-पंचवीस माणसं ओरडली. वीस-पंचवीसच, पण खरी. बर्निस रडत होती आणि शिव्या देत होती.

मग गलका परत आला. आता तो भलताच कुणी चालवत होता, कारण हेरन्सचा फलंदाज बाद झाला आणि भोंग्यांनी टाळ्या वाजवल्या.

इलोना खुर्चीवर येऊन बसली. तिनं मास्क वर घेतला आणि उताराकडे पाहायचं नाही असं ठरवलं. पाहत राहिली.

तो धावत आला. गळ्यात हेडफोन, त्याची तुटकी वायर मागे लोंबतेय. अंगात निळा शर्ट, घडीच्या रेघा अजून न मोडलेल्या. दोन गाड्यांच्या अंतरावर येऊन थांबला आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागला.

"काढलं?" इलोनानं विचारलं.

"काढलं." धाप. "जिन्यातच. लिंडहोम... मागून ओरडत होता."

"मूर्खा! नोकरी घालवलीस?"

"तू म्हणालीस ऊठ."

"मी म्हणाले बोल! मिटिंगमध्ये! नोकरी घालव असं कुठे म्हणाले?"

"बोललो ना. सगळं बोललो, आज, त्याच्या तोंडावर. तुझे आवाज पुसूनही टाकले. एकही नाही ठेवला... माझ्यासाठीसुद्धा नाही." तो सरळ उभा राहिला. "आता मला तुझा आवाज ऐकायचा असेल तर तुझ्याजवळच यावं लागेल. मला तू आवडतेस, इलोना. चार उन्हाळे झाले. हे खाली येऊन सांगायचं होतं, तर इतका वेळ लागला."

इलोना त्याच्याकडे बघत राहिली. मग तो निळा शर्ट पाहिला.

"हाच का तो?"

"हाच."

"इस्त्री करायची असते."

"घाईत होतो."

तो समोरच्या रिकाम्या घडीच्या खुर्चीवर बसला, अंतर राखून, हात मांडीवर ठेवून, मैदानावर पहिल्यांदा आलेल्या माणसासारखा. घसा साफ केला.

"एक पिशवी शेंगा द्याल?"

इलोनानं खुर्चीखाली हात घातला. पावसातल्या त्या दिवसाची कागदी पिशवी महिनाभर तिच्या गाडीत पडून होती; आज उचलून वर का आणली ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. बिनमिठाच्याच. तिनं पिशवी हातात तोलली, मनगट फिरवलं, आणि फेकली. सुंदर फेक. आयुष्यभर जाड्या म्हाताऱ्यांच्या, वकिलांच्या, बीअर प्यायलेल्यांच्या मांडीवर ती असंच अलगद टाकत आली होती.

फारिसनं दोन्ही हात वर केले. पिशवी त्याच्या बोटांतून निसटून छातीवर आपटली, फुटली, आणि शेंगा गच्चीभर झाल्या.

"अरे!" इलोना कडाडली. "बेसबॉलमध्ये काम करतोस आणि एवढासा झेल घेता येत नाही?"

"मी साउंडवाला आहे!" तो ओशाळून खाली वाकला, खुर्चीतून अर्धवट उठला.

मैदानात हेरन्स हरत होते, गलका चुकीच्या जागी नाचत होता, पुढच्या उन्हाळ्यात दोघांनाही काम नव्हतं. इलोनाचा राग अजून गेला नव्हता. तो जाणारही नव्हता, त्याला पुष्कळ ठिकाणी जायचं बाकी होतं. पण ती उठली. मास्क नीट केला. आणि ज्या आवाजात तिनं हे आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं, अगदी हळू, बर्निसलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"बस. उठू नकोस... मी येते."